पोटापाण्याचा उद्योग

मराठी माणूस आपला पगार सख्ख्या भावाला सांगत नाही. फ्लॅट केवढ्याला घेतला असं विचारलं तर ‘तेव्हा स्वस्ताई होती’ एवढंच म्हणतो. पण सकाळी पोट साफ झालं की नाही, हे तो लिफ्टमध्ये भेटलेल्या, नावसुद्धा ठाऊक नसलेल्या माणसाला तळमजला येईपर्यंत तपशीलवार सांगतो. आणि तो माणूसही अवघडत नाही. उलट विचारतो, “उठल्याउठल्या कोमट पाणी घेता का?”

माझं पोट गेली कित्येक वर्षं बिघडलेलं आहे. रजेच्या अर्जात लिहावं एवढं मोठं दुखणं नाही आणि विसरून जावं एवढं लहानही नाही. सकाळी कोठा जड, दुपारी छातीत जळजळ, संध्याकाळी पोट डब्ब आणि रात्री करपट ढेकर. गवयाने प्रहराप्रहराला राग बदलावा तसं ते दिवसभर वेगवेगळ्या सुरांत गात असतं. त्यातून मी नाशिकचा. आमच्याकडे रविवारी सकाळी मिसळ न खाणारा माणूस आजारी आहे असं समजतात, आणि खाणारा सोमवारी आजारी असतो.

गंगापूर रोडला निघालं की झाडांखाली टाकलेल्या खुर्च्या, पोरांसाठी झोके आणि चुलीवर रटरटणारा रस्सा असा सगळा थाट. मिसळीच्या ताटात फरसाण-मटकी तर आहेच, शिवाय दही येतं, पापड येतो आणि जिलबीही येते. म्हणजे पित्त, वात आणि कफ या तिघांचीही सोय एकाच ताटात. बिल द्यायला गेलं की गल्ल्याशेजारी काचेच्या बरण्या मांडलेल्या: हिंगगोळी, जिरागोळी, आवळासुपारी. दुखणं आणि औषध एकाच काउंटरवर, सुट्ट्या पैशांच्या बदल्यातसुद्धा.

एका रविवारी मी साडूला म्हटलं, “आता बास. पुढच्या आठवड्यापासून पोहे.”

“अरे, कशाला घाबरतोस?” त्याने रश्श्याची किटली माझ्याकडे सरकवली. “जाताना एक पुडी पाण्यात टाक आणि पिऊन टाक. त्यासाठीच तर निघालीये ती.”

या वाक्याने माझ्या पुढच्या आयुष्याला दिशा मिळाली. तोवर मी औषध हे दुखण्यावर असतं असं समजत होतो. ते खाण्याचा परवाना असतो हे मला साडूने शिकवलं. पुडी खिशात असली की मी तर्रीची दुसरी वाटीही निर्धास्त मागवायला लागलो.

पुडीचं सगळ्यात मोठं सुख म्हणजे तिचा आवाज. ग्लासात टाकली की सुर्रर्र करून फेस वर येतो, आपण एका दमात पितो आणि क्षणभराने असा ढेकर येतो की शेजारच्या गॅलरीतला माणूस पेपरातून मान वर काढतो. ‘आलं बाहेर’ असं म्हणून मी पोटावरून हात फिरवायचो. हे समाधान फार दिवस टिकलं असतं, पण माझी मुलगी मायक्रोबायॉलॉजी शिकते आणि तिला पुडीमागचं बारीक छापलेलं वाचायची खोड आहे.

“बाबा, हा ढेकर तुमचा नाही. पुडीचा आहे.”

“म्हणजे?”

“यात खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं. पाण्यात पडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. सोड्यामुळे आम्ल थोडं मवाळ होतं, ते ठीक. पण पोटातलं आम्लही सोड्याला भेटलं की आणखी वायूच तयार होतो. तुम्ही वायू विकत घेता, पिता आणि परत सोडता.”

विकत घेतलेला वायू तरी पूर्ण किमतीचा वसूल होतो, अशी मी मनाची समजूत घातली. पण खरा धक्का पुढे होता. एका रात्री जळजळ असह्य झाली म्हणून उठलो, कपाट उघडलं, तर पुड्यांचा डबा रिकामा. बायकोला उठवलं.

“अहो, त्या संपल्या,” ती डोळे न उघडता म्हणाली.

“संपल्या कशा? परवा आणल्या होत्या.”

“संध्याकाळी ढोकळा केला ना. सोडा संपला होता, त्या घातल्या. छान फुगला होता की! तुम्ही चार वेळा घेतलात.”

माझं औषध मी ढोकळ्यातून आधीच घेऊन बसलो होतो, आणि त्या ढोकळ्यानेच मला रात्री दोन वाजता औषध शोधायला उठवलं होतं. वर बायको म्हणते, “उद्या लिंबू पिळून घ्या.” म्हणजे आम्लावर आणखी आम्ल.

आईचा मात्र असल्या पुड्यांवर विश्वास नाही. तिची सगळी भिस्त हिंगावर. लहान मूल रडायला लागलं की त्याच्या बेंबीभोवती हिंग कालवून लावतात, हे कुणालाही ठाऊक आहे. पण ते मूल पन्नाशी ओलांडून गेलं, टक्कल पडलं, चाळिशी लागली, तरी ते लावतात हे फक्त आमच्याच घरी. ऑफिसात वरिष्ठांची बैठक होती त्या दिवशी पोट गच्च धरलेलं. आईने कोमट पाण्यात हिंग कालवला आणि दारातच मला अडवलं.

“शर्ट वर कर.”

“आई, बैठक आहे.”

“बैठकीत कोण तुझी बेंबी बघतंय?”

बघितली कुणीच नाही. पण एसीच्या बंद खोलीत दहा मिनिटांनी साहेब बोलता बोलता थांबले आणि नाक वर करून म्हणाले, “कुणाच्या डब्यात आमटी आहे का हो?” मग प्रत्येकाने आपला डबा कसा नाही हे सांगितलं. मीही सांगितलं, आणि ते खरंही होतं. बैठक मात्र ठरलेल्या वेळेआधी संपली, कारण सगळ्यांना एकदम भूक लागली.

त्या संध्याकाळी मी आईला शास्त्र ऐकवलं. आपल्याकडे हिंग पिकतच नव्हता, तो येतो अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून. त्याची रोपं हिमाचलात लाहौलच्या खोऱ्यात लावायला आपण २०२० साली सुरुवात केली. आणि बाजारात डबीत मिळतो तो बांधानी हिंग. म्हणजे त्यात डिंक असतो, मैदा असतो आणि खरा हिंग थोडाच असतो. मला वाटलं आई हबकेल.

“बघ,” ती म्हणाली, “म्हणूनच तुला गुण येत नाही. उद्यापासून दुप्पट लावते.”

आईला बोलण्यात हरवणं शक्य नाही, कारण तिचं शिक्षण तिच्या सासूकडे झालं आहे. आमच्या आजीसमोर आजचे सगळे मेडिकलवाले किरकोळ. उन्हाळ्याच्या सुट्टीत सिन्नरच्या वाड्यावर आम्ही सगळी चुलत-आत्ते भावंडं जमलो की पहिल्याच रविवारी ती एरंडेलाचा कार्यक्रम लावायची. कुणाचं पोट बिघडलंय का, हे ती विचारत नसे. पोट आहे ना, मग एरंडेल. पहाटे उठवून ओटीवर उंचीप्रमाणे रांग. एका हातात कोऱ्या चहाचा कप, त्यावर तरंगणारा एरंडेलाचा जाड पिवळसर थर, आणि आजीचा दुसरा हात आमच्या नाकावर. घोट खाली उतरला की लगेच मीठ लावलेली लिंबाची फोड तोंडात. एखादा पळून माळ्यावर चढला तर काका त्याला शिडी लावून उतरवायचे.

त्यापुढचा भाग खरा थरारक. वाड्यात माणसं गावभर आणि परसात संडास एकच. तासाभराने पहिला उठायचा, त्याला बघून दुसऱ्याला आठवायचं, आणि मग परसाच्या वाटेवर टमरेलं घेतलेल्या पोरांची अशी पळापळ सुरू व्हायची की विचारू नका. नंबरावरून भांडणं, ‘तू आत्ताच गेला होतास’ असे आरोप, कडी वाजवणं, आतून शपथा. आजी जोत्यावर बसून चुन्याच्या भिंतीवर कोळशाने प्रत्येकाच्या नावापुढे रेघा ओढायची. ज्याच्या रेघा कमी पडतील त्याला दुपारी ज्यादा डोस, या धाकाने आमचा एक आत्तेभाऊ नुसताच आत जाऊन उभा राहायचा आणि रेघ लावून घ्यायचा. पुढे तो सरकारी कंत्राटदार झाला. दुपारी सगळ्यांना मऊ मुगाची खिचडी आणि तूप. त्या खिचडीसारखी चव नंतर कुठल्याही हॉटेलात मिळाली नाही, कारण तेवढं रिकामं पोट नंतर कधीच झालं नाही.

एरंडेलाच्या मानाने इसबगोल म्हणजे सज्जन गृहस्थ. चव नाही, वास नाही, पोटात मुरडा नाही. हा भुसा आपल्या गुजरात-राजस्थानात पिकतो, उंझ्याच्या बाजारात त्याचे सौदे होतात आणि तिथून तो अमेरिकेपर्यंत जातो. म्हणजे तिकडे बर्गर खाणाऱ्यांची सकाळ आपल्या शेतकऱ्याच्या भरवशावर उजाडते. मेडिकलवाल्याने मला बजावलं होतं, “काका, पाण्यात टाकला की लगेच प्यायचा. आणि वर भरपूर पाणी.” मी टाकला, ढवळला, ग्लास तोंडाशी नेला आणि फोन वाजला. साडू होता. त्रिफळा इसबगोलापेक्षा सरस कसा, हे सांगायला त्याने फोन केला होता. हिरडा, बेहडा आणि आवळा या तिघांचे गुण त्याने वेगवेगळे सांगितले, मग एकत्र सांगितले. मी परत आलो तेव्हा ग्लासात चमचा सरळ उभा होता. आधाराशिवाय.

फेकवेना, म्हणून ग्लास फ्रीजमध्ये ठेवला. संध्याकाळी साडूचाच मुलगा आला, त्याने फ्रीज उघडला, “काका, फालुदा?” असं विचारून उत्तराची वाट न बघता त्यावर रोझ सिरप ओतलं आणि उभ्या उभ्या ग्लास संपवला. चांगला होता म्हणाला. पुढची हकीकत दुसऱ्या दिवशी सकाळी साडूने फोनवर सांगितली, पण त्यात त्रिफळ्याचा उल्लेख नव्हता.

मेडिकलच्या दुकानाबद्दल सांगायला हवं. तिथं नुसतं पोटाला हात लावून उभं राहिलं तरी पुरतं. “गॅस का ॲसिडिटी?” तो विचारतो. उत्तर देण्याआधी रांगेतले सगळे आपल्या बाजूने बोलायला लागतात. मागच्या बाई म्हणाल्या, “दादा, ती गुलाबी गोळी नका घेऊ, आमच्या मिस्टरांना त्याने जास्तच झालं.” एका आजोबांनी माझ्या हातातली बाटली घेऊन हलवली आणि ‘ही घट्ट आहे, पातळ द्या’ असं परस्पर सांगितलं. एक कॉलेजचा मुलगा खोकल्याचं औषध घ्यायला आला होता, तोही जाता जाता ‘रात्री दही बंद करा’ असं सांगून गेला. पोटावर बोलायला वयाची अट नाही.

ऑफिसातले आमचे एक सहकारी त्या आम्ल कमी करणाऱ्या कॅप्सूल वर्षानुवर्षं घेतात. सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी. पट्टीवर डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावी असं छापलेलं असतं, ते अक्षर इतकं बारीक की वाचायला आधी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागावी. मी त्यांना विचारलं, “सोडून का बघत नाही?”

“बघितली ना! दोन-तीन दिवसांत असं काही पेटलं आत, की परत सुरू केली. म्हणजे मला ती लागतेच, हे सिद्ध झालं.”

मुलीला हे सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली की अनेक महिने घेऊन एकदम बंद केली की पोट काही काळ नेहमीपेक्षा जास्त आम्ल तयार करतं, ती डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायची असते. मी सहकाऱ्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, “मुलगी अजून शिकतीये ना?” आणि विषय संपला.

शेजारच्या काकांची चिकित्सा निराळी. ते निसर्गोपचारवाले. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत बद्धकोष्ठाचा त्रास होता आणि ते ओटीपोटावर ओल्या मातीची पट्टी बांधत, हे आत्मचरित्रात लिहिलेलं आहे, असं म्हणून ते पुस्तकच घेऊन आले. सोबत कुंडीतली चाळलेली माती.

“काका, पण गांधीजी मिसळ खात नव्हते.”

“तू आधी आडवा हो.”

तर मी दिवाणावर उघड्या पोटाने आडवा, पोटावर ओला चिखल, त्यावर फडकं. काका ‘हलू नकोस’ असं सांगून गेले. घरात कुणी नाही. एवढ्यात बेल. मी उठलो नाही. पुन्हा बेल, आणि मग दाराबाहेरून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असा आवाज: “साहेब, गॅसऽऽ!”

“माहितीये!” मी आतून ओरडलो.

तो सिलेंडरवाला होता. पोटाला धरून, चिखलाचे थेंब गाळत मी दार उघडलं. त्याने मला नखशिखांत बघितलं, सिलेंडर आत ठेवला, पुस्तकावर सही घेतली आणि जिन्यावरून उतरताना म्हणाला, “ओवा खा, साहेब. काळ्या मिठाबरोबर.”

शेवटी सगळ्यांच्या आग्रहाने एंडोस्कोपी केली. आदल्या रात्रीपासून उपास. आयुष्यात मी पहिल्यांदाच खरा उपास केला, कारण एरवी आमच्याकडे एकादशी म्हणजे दुप्पट खाशी. घशात बधिर करणारा फवारा मारला आणि नळी आत. ती बाहेर आल्यावर मी मोठ्या आशेने डॉक्टरांकडे बघितलं. एवढ्या वर्षांची तपश्चर्या होती.

“विशेष काही नाही. माइल्ड अँट्रल गॅस्ट्रायटिस. किरकोळ सूज.”

मला फार अपमान झाल्यासारखं वाटलं. ऑफिसात सांगितलं तर आमच्या विभागातल्या बहुतेकांच्या फायलीत हेच तीन शब्द निघाले. घरी भेटायला आलेले लोक ‘काहीच नाही निघालं?’ असं सांत्वनाच्या सुरात विचारून चहा न घेता परत गेले. साडू म्हणाला, “मी सांगत होतो ना, टेन्शन. अल्सर-बिल्सर सगळं टेन्शनने होतं.”

मुलगी त्याचीच वाट बघत होती. तिने सांगितलं, पूर्वी सगळे डॉक्टर असंच समजायचे. पण ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन या दोघांचं म्हणणं होतं की बरेचसे अल्सर पोटातल्या एका जिवाणूमुळे होतात. कुणाला पटेना. तेव्हा मार्शलने १९८४ साली त्या जिवाणूंचा काढा स्वतःच पिऊन टाकला, आजारी पडला, आणि आपल्याच पोटातली सूज तपासून घेतली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

साडू थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “आपण पावसाळ्यात नाक्यावरची पाणीपुरी खातो. आपल्याला कुणी काही देतं का?”

रिपोर्ट घेऊन मी जुन्या नाशकातल्या एका वयस्क डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जीभ बघितली, पोट दाबलं, टिचकी मारून आवाज ऐकला. मी घेतलेल्या औषधांची यादी शांतपणे वाचली, पान उलटलं, मागची बाजूही वाचली.

“रात्री जेवता किती वाजता?”

“दहा. साडेदहा. मालिका संपली की.”

“आणि झोपता?”

“लगेच.”

“असं करा. जेवण आठच्या आत. दोन घास कमी. जेवल्यावर शतपावली, मगच आडवं व्हायचं, तेही दोन-तीन तासांनी. तर्रीबिर्री महिन्यातून एखाद्या वेळी. हे सगळं बंद,” त्यांनी यादी घडी करून परत दिली. “औषध काही नको.”

रिक्षात बसल्यावर बायकोने विचारलं, “फी किती घेतली?” मी सांगितली. “एवढे पैसे घेऊन साधी गोळीसुद्धा दिली नाही?” घरी आईने ऐकलं आणि म्हणाली, “हे तर मी तुला रोज सांगते. आणि फुकट सांगते.” साडूने तर सरळ निदान केलं की वय झालं की डॉक्टरांना काही आठवत नाही.

मी डॉक्टर बदलला. नवे चांगले आहेत. जेवणाआधीची एक, जेवणानंतरची एक आणि झोपतानाची एक, शिवाय सकाळचं चूर्ण आहेच. जेवणाबद्दल ते काही विचारत नाहीत.

त्रास मात्र होता तिथंच आहे. तेव्हा वाचकांपैकी कुणाकडे खात्रीचा उपाय असेल तर जरूर कळवावा. काढा, वटी, आसव, आसन, अंगारा, काहीही चालेल. कडू असलं तरी चालेल. फक्त रविवारची मिसळ त्यात बसली पाहिजे, आणि जेवण दहालाच.